जुन्या बाइकची मीटर केबल ढिली झालीय? नवी केबल घ्यायच्या आधी हे करून बघा

गाडी सुरू होते, पळते, पण स्पीडोमीटरचा काटा एक तर शून्यावर लोळतोय, नाहीतर वीस-पन्नास-वीस असा थयथयाट करतोय. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांत हे दुखणं इतकं सर्रास आहे की निम्मे लोक ते दुरुस्तच करत नाहीत. "मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये काटा बघायला वेळ कुणाला आहे?" हे मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नेहमी ऐकतो.

काट्याचं एक वेळ सोडा. त्याच्याखालचे किलोमीटरचे आकडे थांबले की ऑइल कधी बदललं होतं ते कळत नाही. आरएक्स १०० सारख्या गाडीला पेट्रोलचा काटाच नसतो, तिथे टाकी भरल्यापासून किती पळालो यावरच सगळा हिशोब. आणि खालून सुटलेली केबल पुढच्या चाकाजवळ लोंबकळत असेल तर मामला आकड्यांच्या पलीकडे जातो. स्पोकमध्ये अडकून नुसती केबलच तुटली तर नशीब समजा.

हे काम घरी होण्यासारखं आहे. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात: काटा बंद पडला की थेट नवी केबल आणतात. केबल, तिचा वरचा नट आणि खालची गरारी यांपैकी नेमकं काय बिघडलंय हे दहा मिनिटांत कळतं, तेही पैसे न खर्च करता. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. (हे सगळं केबलवर चालणाऱ्या मीटरबद्दल आहे. तुमच्या गाडीला डिजिटल मीटर आणि चाकापाशी सेन्सरची वायर असेल तर इथलं काही लागू होणार नाही.)

१. केबल करते काय, ते आधी बघा

ब्रेकची आणि क्लचची केबल ओढली जाते. मीटरची केबल फिरते. पुढच्या चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या जाड भागापाशी, एक छोटी गरारी असते, तिला गॅरेजमध्ये 'वर्म' म्हणतात. चाक फिरलं की ती फिरते आणि तिच्यात अडकलेली आतली तार, म्हणजे इनर, बाहेरच्या नळीच्या, म्हणजे आउटरच्या आत रवीसारखी गरगरत राहते. वरच्या टोकाला ती मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते, एक बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. काटा या वाटीला जोडलेला असतो. किलोमीटरचे आकडे मात्र थेट दातेरी चाकांवर चालतात, त्यांचा वाटीशी संबंध नाही.

एवढ्यावरून बसल्या जागी निदान होतं:

काटा मेलाय पण आकडे पुढे सरकतायत: केबल ठीक आहे, बिघाड मीटरमध्ये आहे. केबल बदलून काहीही होणार नाही.

दोन्ही बंद: वरचा नट सुटलाय, इनर तुटलीय किंवा गरारी गेलीय. क्वचित मीटरच जॅम झालेलं असतं आणि त्यानेच इनर तोडलेली असते.

आकडे चालू पण काटा नाचतोय, सोबत किर्र किर्र आवाज: केबल कोरडी पडलीय, कुठेतरी मुरडलीय, टोक झिजलंय किंवा नट ढिला आहे.

२. सामान

- प्लस आणि मायनस स्क्रू ड्रायव्हर
- पक्कड, आणि तिच्या जबड्यात धरायला जाड कापडाचा तुकडा
- पान्यांचा साधा सेट (पुढच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याच्या नटाचं माप गाडीप्रमाणे बदलतं, आधी लावून बघा)
- उजेडाला मोबाइलची बॅटरी चालते, पण छोटा टॉर्च असेल तर बरा
- थोडं रॉकेल किंवा डिझेल, जुनी चिंधी
- मल्टिपर्पज ग्रीसची छोटी डबी
- चाक काढायची वेळ आली तर इंजिनाखाली ठेवायला लाकडी ठोकळा किंवा विटा

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. साइड स्टँडवर हे काम करू नका. बिल्डिंगच्या आवारात करत असाल तर रविवारी सकाळी लवकर करा, नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी सल्ला द्यायला थांबतो.

३. वरचा नट

मीटरच्या पोटाखाली हात घाला. केबलच्या टोकाला बोटांनी फिरवता येईल असा खाचाखाचांचा गोल नट असतो. काही गाड्यांत आधी हेडलाइटचा डोम दोन स्क्रू काढून पुढे घ्यावा लागतो, त्याच्या वायरींना हिसका बसू देऊ नका.

नट बोटांनी सहज गोल गोल फिरत असेल तर दुखणं बहुधा इथेच आहे. पण लगेच आवळू नका. तो पूर्ण सोडवा, केबल खाली ओढून बाहेर घ्या आणि दोन गोष्टी बघा. एक, नटाचे आणि मीटरचे आटे शाबूत आहेत का. दोन, इनरचं टोक आउटरच्या बाहेर नीट डोकावतंय का.

लोक सगळ्यात जास्त नुकसान इथेच करतात. इनरचं चौकोनी टोक मीटरच्या चौकोनी भोकात बसलेलं नसताना नट आवळायला घेतात. तो अर्ध्यावर अडकतो, मग पक्कड येते, मग जोर येतो आणि आटे जातात. नटाचे आटे गेले तर नवी केबल घेऊन भागतं, मीटरच्या बाजूचे गेले तर मीटरच्या खर्चात पडाल. केबल आत ओढून घेणं हे नटाचं काम नव्हेच. आधी केबल हाताने पूर्ण आत बसली पाहिजे, नट फक्त तिला धरून ठेवतो. टोक बसत नसेल तर एका हाताने केबल वर दाबून धरा आणि कुणाला तरी पुढचं चाक हळू फिरवायला सांगा. चौकोन जुळला की केबल 'टक्' करून दोन-तीन मिलिमीटर वर सरकते, बोटाला स्पष्ट कळतं. मग नट हाताने घट्ट करा. फारच वाटलं तर कापड धरून पकडीने एक बारीकसा वळसा, त्याहून जास्त नको.

४. चाक फिरवून खरी परीक्षा

वरचं टोक अजून जोडू नका, किंवा जोडलं असेल तर परत सोडवा. पुढचं चाक जमिनीपासून सुटलेलं हवं. डबल स्टँडवर मागचं चाक उचललं जात असेल तर मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, पुढचं वर येतं. आता चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि केबलच्या वरच्या टोकाकडे बघा.

इनर फिरतेय? मग गरारी आणि केबल दोन्ही काम करतायत. दोष नटाचा, टोकाच्या झिजेचा किंवा मीटरचा.

फिरतच नाही? मग पुढच्या पायरीवर या.

फिरते, पण थांबून थांबून, झटके देत? इनर आत कुठेतरी घासतेय. ग्रीस घालून कदाचित भागेल.

याच वेळी मीटरही तपासून घ्या. सुट्या इनरचा तुकडा किंवा जुनी इनर हाताशी असेल तर तिचं टोक मीटरच्या भोकात घालून बोटांच्या चिमटीत झरकन फिरवा. काटा जागचा किंचित जरी उसळला तरी मीटर जिवंत आहे. एका दिशेला उसळला नाही तर दुसऱ्या दिशेला फिरवून बघा.

५. केबल बाहेर काढा

खालचं टोक गाडीप्रमाणे वेगवेगळ्या पद्धतीने धरलेलं असतं: कुठे एकच स्क्रू, कुठे गोल नट, कुठे तारेची क्लिप. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत केबल बहुधा ब्रेक प्लेटमध्येच जाते, डिस्कच्या गाड्यांत चाकाच्या बगलेला वेगळी छोटी डबी असते. स्क्रू असेल तर तो नक्की गंजलेला असणार. चार पावसाळे चिखल खाल्लेला स्क्रू आहे तो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि मापाचाच ड्रायव्हर लावा. डोकं घासलं गेलं की पुढचा तास त्या एका स्क्रूत जातो.

सोडवण्याआधी केबलचा मार्ग वरून खालपर्यंत मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठल्या कडीतून जाते, हँडलच्या पुढून की मागून, मडगार्डच्या कुठल्या क्लिपमध्ये बसते. नंतर हे हमखास आठवत नाही.

आता इनर आउटरमधून ओढून घ्या. काही केबलींत ती एकाच बाजूने निघते. अर्धीच हातात आली तर निदान झालं: तुटलीय. अख्खी आली तर रॉकेलमध्ये धुऊन पुसा आणि घरातल्या लादीवर ठेवून तळहाताने लाटा. सरळ इनर शांतपणे गडगडत जाते. मुरडलेली असेल तर दर फेरीला एका जागी टुणकन उडते आणि त्याच जागी लादीवर 'टिक टिक' वाजते. तीच टिकटिक मीटरमध्ये काट्याचा नाच होऊन दिसते. मुरड सरळ करत बसू नका, ती तार पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

टोकं बघा. चौकोनाचे कोपरे गोल झाले असतील तर ती भोकात नुसती घसरणार. खालच्या टोकाला काही गाड्यांत चौकोनाऐवजी चपटी जीभ असते, ती पिळवटलेली नाही ना बघा. आउटरही तपासा. मुंबईत घुशी आणि उंदीर पार्किंगमधल्या गाड्यांची वायरिंग कुरतडतात, केबलचं प्लास्टिकही सोडत नाहीत. तिथून पाणी शिरतं आणि पावसाळा संपेस्तोवर इनर लालभडक.

६. गरारी, आणि पंक्चरनंतरचा घोळ

केबल धडधाकट आहे, तरी फिरत नव्हती? खालच्या भोकात टॉर्च मारा आणि चाक फिरवा. आतला चौकोन किंवा खाच फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर गरारीकडे मोर्चा.

एक प्रश्न आधी स्वतःला विचारा: पुढच्या चाकाचं पंक्चर काढल्यानंतर मीटर बंद पडलं का? उत्तर 'हो' असेल तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. गरारीला फिरवणारी एक पत्र्याची चकती किंवा रिंग असते, तिला दोन कान असतात. ते कान हबच्या दोन खाचांत बसायला हवेत. रस्त्याकडेला घाईत चाक परत बसवताना कान खाचेत न जाता हबच्या कडेवर टेकतात, वरून ॲक्सलचा नट आवळला जातो आणि कान चपटे होतात. त्यानंतर चाक फिरतं, गरारी जागेवर.

चाक काढावं लागेल. इंजिनाखाली ठोकळा ठेवा, ॲक्सलचा नट सोडवा (स्प्लिट पिन असेल तर आधी ती), ॲक्सल ओढून चाक खाली घ्या. स्पेसर आणि वॉशर कुठल्या बाजूचे ते काढल्या क्रमाने कागदावर ओळीने मांडून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असेपर्यंत ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड पुढे सरकतात आणि मग डिस्क आत जात नाही. पोरंटोरं आसपास असतील तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा.

कान थोडे वाकले असतील तर पकडीने सरळ होतात. तुटले असतील, किंवा गरारीचे प्लास्टिकचे दाते झिजले असतील, तर तो भाग नवीनच घ्या. जुनं काळं ग्रीस पुसून नवं लावा. ड्रम ब्रेकमध्ये ग्रीस लायनिंगला (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीला) लागू देऊ नका, ब्रेकच जाईल.

परत बसवताना कान खाचेत गेल्याची खात्री नट आवळण्याआधी करा: ब्रेक प्लेट किंवा डबी हबला पूर्ण चिकटून बसते, फट राहत नाही. आणि मीटरपेक्षा दहापट महत्त्वाची गोष्ट: ड्रमच्या गाडीत ब्रेक प्लेटवरची खाच फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) पायावरच्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. नाही बसली तर ब्रेक मारताक्षणी अख्खी प्लेट फिरते. डिस्कवाल्या डबीलाही असाच अडकवा असतो. याबद्दल जरासुद्धा शंका वाटली तर चाक बसवायचं काम ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

७. केबल घ्यायला जाताना

जुनी केबल सोबत न्या. दुकानदार विचारणारच, "कुठली गाडी? कुठलं मॉडेल? ड्रम का डिस्क?" एकाच नावाच्या गाडीच्या ड्रम आणि डिस्क मॉडेलची केबल वेगळी असू शकते. काउंटरवरच दोन्ही शेजारी धरून लांबी, दोन्ही टोकं आणि नट जुळवा. इनर थोडी जरी लांब असली तर मीटरच्या बुशवर (टोक जिच्यात फिरतं त्या बांगडीवर) दाब येतो, आखूड असली तर खड्ड्यात आदळल्यावर भोकातून निसटते.

स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर यांसारख्या खपाच्या गाड्यांची केबल उपनगरातल्या कुठल्याही टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. साध्या शंभर सीसीची असेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास. दुर्मिळ काही हवं असेल तर ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअरची दुकानं किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुनं मूळ मीटर हवं असेल तर चोर बाजार, पण तिथे इनरचा तुकडा खिशात ठेवूनच जा आणि मीटर फिरवून बघितल्याशिवाय भाव करू नका. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तिचं चांगल्या अवस्थेतलं मूळ मीटर दिसलं की विकणाऱ्याला तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

८. ग्रीस: कुठे आणि किती

नवी केबलसुद्धा बऱ्याचदा कोरडी येते. इनरला बोटाने ग्रीसचा पातळ हात द्या, फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला. वरची साधारण वीतभर तार कोरडी ठेवा. इनर फिरताना ग्रीस हळूहळू वर चढतं. ते मीटरमध्ये शिरलं तर चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटल्यासारखी होतात, आणि सिग्नलला उभे असताना काटा चाळीसवर. मीटर उघडून साफ करणं हे घरचं काम नाही. इंजिन ऑइल ओतणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका. ते वर नाही गेलं तरी खाली ब्रेकच्या दिशेने वाहतं.

९. बसवणं

आधी खालचं टोक. इनर गरारीत बसली की स्क्रू किंवा क्लिप लावा, केबल हलकेच ओढून बघा. मग फोटोप्रमाणे कड्यांमधून वर आणा आणि वरचं टोक तिसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे जोडा. नटाखाली रबरी वॉशर असेल तर विसरू नका, पावसाचं पाणी तोच अडवतो.

आता हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. केबल कुठे ताणली जातेय का, हेडलाइटखाली चिमटली जातेय का? मग पुढचा ब्रेक धरून फोर्क दोन-चारदा दाबा. केबलला एवढी ढील हवी की फोर्क पूर्ण खाली-वर झाला तरी ती ओढली जाणार नाही आणि टायरलाही लागणार नाही. वरचा नट दर महिन्याला ढिला होतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्यापैकी बहुतेकांची केबल चुकीच्या कडीतून गेलेली असते. प्रत्येक खड्ड्याला तिला हिसका बसतो, आणि आपल्याकडे खड्ड्यांची वानवा नाही. टोकदार वळणं टाळा. कडी तुटली असेल तर प्लास्टिकचा टाय लावा, पण सैल: केबल त्यातून सरकली पाहिजे.

१०. राइड

पहिला फेरा बिल्डिंगच्या आवारात, हळू. काटा उठतोय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे पुढचा ब्रेक लागतोय का. मग रिकाम्या रस्त्यावर पहाटे. मित्राला मागे बसवून त्याच्या मोबाइलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा, तुम्ही स्वतः मोबाइलकडे बघू नका. मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतं, ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे. जीपीएसपेक्षा मीटर बरंच कमी दाखवत असेल तर गरारी दुसऱ्याच मॉडेलची बसलीय असा संशय घ्या. आठवडाभराने वरचा नट एकदा हाताने चाचपा.

११. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीला स्पीडोमीटर असणं बंधनकारक आहे. एरवी कुणी विचारत नाही. पण खाजगी बाइकचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पुढे दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. तुमच्या नंबरप्रमाणे ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (०२), वडाळा (०३) किंवा बोरिवली (४७). मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. महाराष्ट्रात अशा जुन्या गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. मीटरचं काम त्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी उरका, कारण ऐन वेळी नेमका तोच गंजलेला स्क्रू निघत नाही.

केबलऐवजी अख्खं मीटरच बदलावं लागलं तर जुन्या मीटरवरच्या आकड्यांचा फोटो काढा, तारीख घालून सर्व्हिसच्या वहीत लिहा आणि नव्याचा सुरुवातीचा आकडाही त्याखाली नोंदवा. नवं मीटर शून्यापासून मोजायला लागतं. पुढे गाडी विकताना घेणारा 'मीटर मागे फिरवलंय' म्हणून भाव पाडायला बघतो, तेव्हा वहीतली ती दोन ओळींची नोंद आणि मीटरच्या खरेदीची पावती त्याच्यापुढे ठेवा.